गावाने कोंबड्या विकून डॉक्टर केला आणि तो झाला मंत्री: डॉ. सासा यांचं काय चुकलं?

पायवाट
मंडळी, परवा आमच्याकडे जेवणं आटोपल्यावर एक वाद झाला. तो अजून मिटलेला नाही, म्हणून इथे आणतोय.

विषय: म्यानमारचे डॉ. सासा. नाव एवढंच. त्यांच्याकडे आडनाव लावत नाहीत. चिन प्रांताच्या दक्षिण टोकाला, मिझोरामच्या हद्दीजवळ लायलेनपी नावाचं गाव आहे, तिथला हा मुलगा. तेव्हा गावाला रस्ता नव्हता, वीज नव्हती, डॉक्टर नव्हता. जवळचं हॉस्पिटल काही दिवस चाललं की यायचं. शाळा शिकून तो गावातच मास्तर झाला, आणि हगवणीसारख्या साध्या दुखण्याने वर्गातली पोरं मरताना त्याने पाहिली. मग ठरलं, याला डॉक्टर करायचं. गावकऱ्यांनी कोंबड्या, डुकरं, गाई विकून पैसे उभे केले. आधी शिलाँगला कॉलेज, मग थेट आर्मेनिया. येरेवानच्या मेडिकल युनिव्हर्सिटीतून २००९ साली पदवी घेऊन गडी गावी परतला. (इथेच आपल्याकडच्या निम्म्या गोष्टी संपतात. परतलाच नाही म्हणून!)

गावात त्याने स्वतःची ओपीडी थाटली नाही. आरोग्यसेवक तयार करायचं केंद्र काढलं. खेड्याखेड्यातून माणसं बोलवायची, शिकवायची, औषधांची पिशवी देऊन परत पाठवायची. शेकडो गावांत असे सेवक झाले.

२०२० च्या निवडणुकीत लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांच्या पक्षाच्या चिन प्रांतातल्या प्रचाराची धुरा त्याने घेतली. ८ नोव्हेंबरला पक्ष प्रचंड बहुमताने निवडून आला. १ फेब्रुवारी २०२१ ला हा राजधानीत, नेपिडॉत, मंत्रिपदाच्या तयारीत. त्याच पहाटे लष्कराने सत्ता बळकावली. हा टॅक्सी ड्रायव्हरच्या वेषात निसटला, तीन दिवस प्रवास करून सीमेपार आला. त्याच महिन्यात सत्तापालटाने पदच्युत झालेल्या खासदारांच्या समितीने त्याला संयुक्त राष्ट्रांसाठी विशेष दूत नेमलं. मार्चमध्ये लष्कराने राजद्रोहाचा खटला भरला. एप्रिलमध्ये समांतर राष्ट्रीय एकता सरकार स्थापन झालं, त्यात हा आंतरराष्ट्रीय सहकार्य मंत्री आणि प्रवक्ता.

माझा मित्र म्हणतो, "चूक केली. राजकारणी पैशाला पासरी मिळतात. त्या डोंगरात डॉक्टर एकच होता. गावाने कोंबड्या विकल्या त्या भाषणं ऐकायला नव्हे." मला हे पटत नाही, पण उत्तरही नीट देता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

अर्धा_कप_चहा
वाचतोय. ब्रह्मदेश म्हटलं की माझी धाव थिबा राजापर्यंत, त्यामुळे तूर्त गप्प.

येरेवानचा_पाहुणा
अरे! आमचं कॉलेज! मी बऱ्याच नंतरच्या बॅचचा, भेट कधी झाली नाही, पण आर्मेनियाचं नाव कुठे निघालं की राहवत नाही.

आपल्याकडची बरीच मुलं तिथे जातात, कारण सरळ आहे: इथे सरकारीत नंबर लागत नाही आणि खाजगीची फी बापाला झेपत नाही. परदेशी मुलांना इंग्रजीतून शिकवतात. पण वॉर्डात पेशंट आर्मेनियनच बोलणार. तिसऱ्या वर्षापासून "कुठे दुखतं", "कधीपासून", "खोकून दाखवा" एवढं तोंडपाठ करायचं आणि उत्तर आलं की सिस्टरच्या तोंडाकडे बघायचं. माझी पहिली आजी पंधरा मिनिटं बोलली. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवत होतो. सिस्टरने भाषांतर केलं: "त्या विचारताहेत तुझं लग्न झालंय का."

थंडीचं काय सांगू. मी लातूरचा. पहिल्या डिसेंबरात दोन स्वेटर, त्यावर जॅकेट, आणि तरी हॉस्टेलच्या रेडिएटरला पाठ लावून ॲनाटॉमी वाचायची. खिडकीतून अरारात दिसायचा, तो तुर्कस्तानात आणि इकडचे लोक रोज त्याच्याकडे बघणार. आपला म्हणायचा आणि जाता येत नाही असा डोंगर. सासांना तो बघून गाव आठवलं असेल की नाही कोण जाणे, मला मात्र एकही डोंगर आठवायचा नाही, लातूरला कुठला डोंगर.

सांगायचा मुद्दा, माझ्या वडिलांनी जमिनीचा तुकडा विकला होता. दर सेमिस्टरला फी भरताना तो तुकडा, त्यातलं आंब्याचं झाड सगळं डोळ्यांपुढे यायचं. एका घराचं ओझं मला सहा वर्षं जड गेलं. त्या माणसाच्या डोक्यावर अख्खं गाव होतं.

खडूस_काका
धागाकर्त्याचा मित्र बरोबर आहे. कुणीतरी बोलायलाच हवं.

आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की वर्षभर सरकारी सेवेचा बॉण्ड. माझ्या भाच्याच्या वेळी दहा लाख भरले की सुटका होती आणि भरणारे भरत होते. आपण त्यांना नावं ठेवतो. मग या गृहस्थांनी गावाचा बॉण्ड मोडला तर टाळ्या का? कारण इंग्रजी छान बोलतात आणि टीव्हीवर दिसतात?

झुळूक
काका, बॉण्ड मोडला म्हणजे गावाने कोंबड्या परत मागायच्या का? व्याजासकट अंडी 😄

स्टेथो_ताई
काका, मी ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठ वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लांबण लावते.

"डोंगरात एकच डॉक्टर" हे ऐकायला फार करुण वाटतं, पण एकटा डॉक्टर डोंगरात नक्की किती जणांना पुरतो? माझ्या केंद्राखाली तीस हजारांवर वस्ती होती. लांबच्या पाड्यावरून झोळीत घालून आणलेलं मूल माझ्यापर्यंत पोचायचं तेव्हा डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. शीर सापडायची नाही. अशा मुलाला मी सलाईन लावून वाचवलं की लोक माझ्या पाया पडायचे. वाचवण्याची खरी वेळ दोन दिवस आधीची, पाड्यावर, चुलीपाशी. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, ओआरएसची पुडी, झिंकच्या गोळ्या आणि आईला कुणीतरी सांगणं की जुलाब लागले तरी दूध तोडू नकोस. त्याला एमबीबीएस लागत नाही. त्या पाड्यावरची, तिची भाषा बोलणारी, रात्री बाराला दार ठोठावलं तर उठणारी बाई लागते.

हे आपल्याला नवीन नाही. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्या बायकांना शिकवून हेच केलं. गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळं सांभाळली आणि त्या भागात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं ते.

म्हणून सासांची मला सर्वांत हुशार वाटलेली गोष्ट मंत्रिपदाच्या आधीची आहे. त्यांनी स्वतःवाचून चालेल अशी व्यवस्था उभी केली. "गेला आणि दवाखाना बंद पडला" असं नाही झालं.

खडूस_काका
ताई, तुमचा मुद्दा मान्य, अर्धा. सेवकांना औषधांची पिशवी कोण भरून देणार? पैसा कुठून येणार? संस्था माणसाच्या तोंडाकडे बघून चालते.

पायवाट
काका, गंमत म्हणजे याचं उत्तर त्यांच्या गोष्टीतच आहे, मी वर लिहायचं विसरलो. ते अजून विद्यार्थी होते तेव्हा तिकडे बांबूला फुलोरा आला. फुलोऱ्यामागोमाग उंदीर, आणि उंदरांनी शेतं फस्त केली. दुष्काळ पडला. त्या वेळी मदत मागत हा पोरगा थेट ब्रिटनपर्यंत गेला. ब्रिटिश लॉर्ड्स सभागृहाच्या सदस्य बॅरोनेस कॉक्स यांच्या संस्थेने हात दिला, पुढे तेव्हाच्या प्रिन्स चार्ल्सपर्यंत ओळख झाली. म्हणजे पदवी हातात पडण्याआधीच मुत्सद्देगिरी सुरू! अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यात बसून, त्याने नकाशावरही न पाहिलेल्या गावासाठी तांदूळ मागायचा, हे कुठल्या परराष्ट्र खात्यात शिकवतात?

ईशान्येकडे
बांबूच्या फुलोऱ्याचा विषय निघालाच आहे तर.

मी बँकेत होतो, तीन वर्षं मिझोराममध्ये काढली. तिकडे याला माउताम म्हणतात, म्हणजे बांबूचं मरण. साधारण ४८ वर्षांनी तिथला बांबू एकदम फुलतो, फळं धरतो आणि मरतो. ती फळं खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, फळं संपली की भातावर तुटून पडतात. आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसांना बांबू फुलला की धडकी भरते, पण तिथे त्याने इतिहास फिरवला. १९५९ च्या माउतामनंतर सरकारी मदत पुरेशी मिळाली नाही, लोकांनी स्वतःच दुष्काळ निवारण संघटना काढली, तिचाच पुढे मिझो नॅशनल फ्रंट झाला आणि १९६६ ला उठाव. त्या उठावातले झोरामथांगा नंतर मुख्यमंत्री. २००६ ते ०८ चा फुलोरा त्याच्या पुढचा, त्यात सासांचं गाव होरपळलं.

सीमा म्हणजे काय हे मला तिथे कळलं. आपल्या डोक्यात वाघा, काटेरी तार, बंदुका. तिथे तिआउ नदी. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, पलीकडे म्यानमार. पलीकडची बाई सकाळी भाजी घेऊन यायची, दुपारी आमच्या काउंटरपाशी नातेवाइकाची वाट बघत बसायची, संध्याकाळी परत. दोन्हीकडची माणसं भाऊबंद. सासांचं लायलेनपी मारा लोकांच्या मुलखात येतं, आणि मारा लोक अलीकडे आपल्या सियाहा जिल्ह्यातही आहेत, त्यांची स्वतःची स्वायत्त परिषद आहे. मुक्त संचाराच्या नियमाने १६ किलोमीटरपर्यंत येणंजाणं चालायचं. २०२४ मध्ये आपल्या सरकारने तो नियम गुंडाळायचं जाहीर केलं, तिथल्या लोकांना ते अजिबात रुचलं नाही.

सत्तापालटानंतर माणसांचा लोंढा आला. दिल्लीहून १० मार्च २०२१ ला पत्र, घुसखोरी रोखा. आठवडाभरात झोरामथांगांनी पंतप्रधानांना कळवलं की मिझोराम या दुःखाकडे पाठ फिरवू शकत नाही. माझा तिथला एक जुना शिपाई फोनवर म्हणाला, "सर, आमच्या घरात आता अकरा माणसं आहेत." मी विचारलं, "कोण कोण?" म्हणाला, "विचारलं नाही अजून. जेवत होते."

झुळूक
शेवटच्या दोन ओळी 👌

शंकासुर
माझी शंका शब्दावर आहे. ज्या सरकारला कुणी राजमान्यता दिली नाही त्याचा दूत हा दूत कसा? मान्यतेशिवाय मुत्सद्दी म्हणजे लायसन्सशिवाय डॉक्टर. आपल्याकडे त्याला बोगस म्हणतात.

जुनी_वही
शंकासुर, शंका चांगली आहे पण २०२१ मध्ये गाडं इतकं सरळ नव्हतं. २६ फेब्रुवारीला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारचे राजदूत क्यॉ मो तुन उभे राहिले आणि लष्कराच्या वतीने बोलण्याऐवजी लष्कराच्या विरोधात बोलले, शेवटी तीन बोटं वर करून सलाम, म्हणजे निदर्शकांची खूण. दुसऱ्या दिवशी लष्कराने त्यांना बडतर्फ केलं. त्यांच्या जागी उपप्रतिनिधीला नेमलं तर त्यानेच राजीनामा दिला! डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अधिकारपत्रांच्या समितीने म्यानमारचा प्रतिनिधी कोण हा निर्णय पुढे ढकलला, म्हणजे बडतर्फ माणूस खुर्चीवर कायम. मग लायसन्स कुणाचं खरं?

लंडनची गोष्ट तर याहून अजब. ७ एप्रिलला राजदूत क्यॉ झ्वार मिन बाहेर गेले होते, परत येऊन बघतात तर त्यांच्याच दूतावासाचं दार आतून बंद. त्यांच्याच हाताखालच्या लष्करी अधिकाऱ्याने कोंडून घेतलेलं. राजदूतसाहेबांनी ती रात्र रस्त्यावर गाडीत झोपून काढली. पक्कं लायसन्स होतं त्यांच्याकडे.

शंकासुर
गाडीतला राजदूत आणि टॅक्सीतला डॉक्टर. या देशाच्या परराष्ट्र धोरणाला चाकं आहेत, खातं नाही.

कोकणी_मासा
अवांतर करतो, क्षमस्व. थिबाचं नाव निघूनही रत्नागिरीकर गप्प बसला असं व्हायला नको. इंग्रजांनी १८८५ ला राजाला मंडालेहून उचललं, आमच्याकडे आणून ठेवलं, १९१० साली राजवाडा बांधून दिला आणि १९१६ ला तो इथेच गेला. उलट दिशेने टिळक १९०८ ला मंडालेला, सहा वर्षं. राजा आमच्याकडे, लोकमान्य त्यांच्याकडे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला रत्नागिरीत येऊन गेले. आमच्या आळीत त्या दिवशी गाड्यांचे हॉर्न ऐकू आले नाहीत, हीच मोठी बातमी होती.

अर्धा_कप_चहा
मी चहा ठेवला आणि माझा थिबा दुसऱ्यानेच नेला.

जुनी_वही
अवांतर चाललंच आहे तर दवाखान्यातून दूतावासात गेलेली आणखी एक व्यक्ती, आणि तीही दिल्लीत. डॉ खिन क्यी. यातलं "डॉ" डॉक्टरचं नव्हे, ब्रह्मी भाषेत बाईंना आदराने लावतात ते, आपल्या "बाई"सारखं. त्या रंगूनच्या जनरल हॉस्पिटलात नर्स होत्या. १९४२ मध्ये तिथे स्वातंत्र्यलढ्याचे नेते आंग सान पेशंट म्हणून आले, त्याच वर्षी लग्न. १९४७ च्या जुलैत आंग सान यांची हत्या झाली तेव्हा पदरात लहान मुलं. पुढे १९६० साली त्या भारतात राजदूत म्हणून आल्या. राहायला २४ अकबर रोड, जे नंतर काँग्रेसचं मुख्यालय झालं. मुलगी सू ची लेडी श्रीराम कॉलेजात.

या बाईंनी १९६७ पर्यंत काम पाहिलं. मधे १९६२ ला नेविन यांनी लष्करी सत्ता आणली, तरी त्या पाच वर्षं त्याच खुर्चीवर. आपल्याला न आवडणाऱ्या सरकारचे कागद रोज सही करून पाठवणं याला काय म्हणायचं? मला वाटतं रात्रपाळीच्या नर्सला हे जमत असावं. डॉक्टर बदलतात, चार्ट भरत राहायचा.

नीरक्षीर
सगळे फार प्रेमात पडलेत म्हणून थोडं थंड पाणी.

सासा ज्या पक्षाकडून आले त्याच पक्षाच्या नेत्या सू ची डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात रोहिंग्यांवरच्या अत्याचारांच्या खटल्यात स्वतःच्या देशाचा, म्हणजे पर्यायाने लष्कराचा, बचाव करत उभ्या होत्या. चौदा महिन्यांनी त्याच लष्कराने त्यांना पकडलं. एकता सरकारने जून २०२१ मध्ये रोहिंग्यांना नागरिकत्व नाकारणारा १९८२ चा कायदा रद्द करू असं जाहीर केलं, चांगलं केलं. पण ते सत्ता गेल्यावर. हातात सत्ता होती तेव्हा का नाही?

आणि दुसरं. सप्टेंबर २०२१ मध्ये या सरकारने लष्कराविरुद्ध युद्ध पुकारलं. मंत्रिमंडळात डॉक्टर असताना. "इजा करू नये" ही शपथ तेव्हा कुठे गेली?

स्टेथो_ताई
नीरक्षीर, पहिल्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर आहे तुमचं.

दुसऱ्यावर मात्र आहे. सत्तापालटाला पहिला जाहीर नकार कुणी दिला? सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टर-नर्सनी. पहिल्या दोन-तीन दिवसांतच, गणवेशावर लाल फीत लावून, "आम्ही लष्कराच्या हाताखाली काम करणार नाही". त्यातून देशभरचं असहकार आंदोलन उभं राहिलं. करोना चालू होता हो तेव्हा. वॉर्ड सोडून बाहेर पडणं काय असतं ते मी सांगू शकते. आम्ही एकदा संपावर गेलो होतो, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप मागच्या दाराने जाऊन एका बाळंतिणीचे टाके बघून आले, संघटनेत कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय. तिकडे त्यांनी महिनोन्‌महिने लपून, घरांतून, मठांतून रुग्ण तपासले आणि त्यासाठी तुरुंगात गेले. जखमीवर उपचार करणं हाच गुन्हा ठरत असेल तर डॉक्टरने तटस्थ राहायचं कुठे उभं राहून?

ईशान्येकडे
+१. आणि "युद्ध" म्हणताना चिन डोंगरात सुरुवातीला हातात काय होतं तेही बघा. मिंदातच्या पोरांकडे तुमी बंदुका, म्हणजे शिकारीच्या ठासणीच्या. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर थांतलांग गाव पेटवलं, दीडशेवर घरं गेली. ते लोक मिझोरामात आले तेव्हा कुणी शपथेबद्दल बोलत नव्हतं, पावसाआधी पत्रे मिळतील का विचारत होते.

नीरक्षीर
ताडपत्री-पत्र्यांबद्दल वाद नाही. माझा प्रश्न मी मागे घेत नाही, पण तुमच्या टाक्यांच्या गोष्टीनंतर थोड्या हळू आवाजात विचारतो.

खडूस_काका
सगळं वाचलं. माझं मत तेच आहे, पण वाक्य बदलतो. त्यांनी जायला नको होतं असं नाही. जाताना गावाला विचारलं होतं का, एवढंच मला हवंय. कोंबड्या त्यांच्या होत्या.

येरेवानचा_पाहुणा
काका, हे मला लागलं. मी आज पुण्यात कॉर्पोरेट हॉस्पिटलात आहे, गावी महिन्यातून एक रविवार. वडिलांना कधी विचारलं नाही. त्यांनीही काही म्हटलं नाही. परवा मात्र म्हणाले, त्या तुकड्यातला आंबा नव्या मालकाने तोडला.

पायवाट
मित्राला अख्खा धागा वाचायला लावला. स्टेथो ताईंच्या "स्वतःवाचून चालेल अशी व्यवस्था"पाशी थांबला, दोनदा वाचलं. मला वाटलं आता ऐकतोय. मग म्हणाला, "ठीक आहे, दवाखाना चालला. पण सरकार अजून आलं नाही ना?" त्यावर माझ्याकडे शब्द नव्हता, म्हणून मी त्याला दुसरं सांगितलं: चेकपोस्टवरचा शिपाई काच खाली करायला सांगतोय आणि तू स्टिअरिंगवर हात ठेवून बसलायस, त्या वेळी तू काय केलं असतंस? म्हणाला, "मी? मला गाडी चालवता येत नाही, तुला माहितीये."

खडूस काकांची चौकशी करत होता.

खडूस_काका
त्यांना माझा नमस्कार सांगा. आयडी काढायला लावा इकडे, मी किती दिवस एकटा भांडू?